पुन्हा परीक्षेला बसू की नको?

मुलं नापास झाली की काय करायचं, हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. चार दिवस रागवारागवी, मग समजूत, मग पुन्हा पुस्तकं. पण मुलीला चांगले गुण मिळाले आणि त्या चांगल्या गुणांनीच घराची झोप उडवली, तर?

बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या एका मराठी घरात ११ फेब्रुवारी २०२५ पासून नेमकं हेच घडलं. त्या दिवशी जेईई मेनच्या जानेवारी सत्राचा निकाल लागला. थोरल्या मुलीला ९८.२ पर्सेंटाइल मिळाले. आईने देवापुढे साखर ठेवली, शेजारी पेढे गेले आणि रात्री जेवताना वडील म्हणाले, ‘‘छान झालं. आता एप्रिलमध्ये पुन्हा बस. ९९ च्या वर जाशील.’’

मुलीचा हात ताटातच थांबला.

वडिलांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. २०१९ पासून ही परीक्षा वर्षात एकाहून अधिक वेळा होते आणि विद्यार्थ्याचा जो स्कोअर सरस असेल, तोच धरला जातो. म्हणजे एप्रिलमध्ये गुण घसरले, तरी जानेवारीचे कुठे जात नाहीत. मुलींसाठी फी ८०० रुपये. ‘‘बिघडलं तर काय बिघडणार आहे?’’ वडिलांचा सवाल बिनतोड होता.

पण तो फक्त गुणांपुरता बिनतोड होता. अर्जाची शेवटची तारीख होती २५ फेब्रुवारी. सीबीएसई बारावीचा फिजिक्सचा पेपर २१ फेब्रुवारीला, केमिस्ट्रीचा २७ ला, गणिताचा ८ मार्चला. बिघडू शकत होतं ते इथे.

आणि बारावीचे गुण म्हणजे नुसती औपचारिकता नव्हती. मुलगी पहिलीपासून कर्नाटकातच शिकली, त्यामुळे कर्नाटकच्या सीईटीची वाट तिला मोकळी होती. या सीईटीच्या क्रमवारीत इंजिनिअरिंगसाठी निम्मा वाटा बारावीतल्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणिताच्या गुणांचा असतो. जेईईच्या नादात बोर्डाचे गुण घटले असते, तर एक दार उघडताना दुसरं आपल्याच हाताने लोटल्यासारखं झालं असतं.

नागपूरहून आजीचा वेगळाच आग्रह. ‘‘अगं, इथल्या व्हीएनआयटीत ये. घरचं जेवण मिळेल. हॉस्टेलचं कशाला खातेस?’’ आजीला हे समजावताना वडिलांची पुरेवाट झाली, की एनआयटीमधल्या निम्म्या जागा त्या त्या राज्यासाठी असतात आणि राज्य ठरतं ते बारावी जिथून झाली त्यावरून. आडनाव मराठी असलं, तरी नागपुरात नात परराज्यातली. तिच्या राज्याची एनआयटी म्हणजे सुरतकल, जिथे घरातलं कुणी कधी गेलेलंही नव्हतं. ‘‘म्हणजे माझी नात परकी?’’ असं म्हणून आजीने फोन ठेवला तो दोन दिवस केला नाही.

मग एका रात्री आई वही-पेन घेऊन बसली. आई गणिताची पदवीधर, पण घरात हिशेब कुणी तिच्यावर सोपवत नाही, किराण्याचा सोडून. तिने साधा गुणाकार मांडला. पर्सेंटाइल म्हणजे शेकडा गुण नव्हेत. आपल्या बरोबरीने किंवा आपल्या मागे शंभरात किती जण आहेत, तो आकडा. २०२४ मध्ये दोन्ही सत्रं मिळून सुमारे १४ लाख मुलं बसली होती. ९८.२ म्हणजे पुढे १.८ टक्के, अर्थात पंचवीसेक हजार मुलं. सुरतकलला सिव्हिल किंवा मायनिंगची आशा धरावी, असा हा क्रमांक. मुलीला हवं होतं कॉम्प्युटर सायन्स. त्यासाठी ९९.५ मिळाले, तरी क्रमांक सात हजारांच्या आसपास आणि तेव्हाही खात्री नाहीच.

‘‘अर्ध्या टक्क्याने वाढून तुला हवं ते मिळत नाही,’’ आई म्हणाली. ‘‘सव्वा टक्का वाढवता येईल का, ते तू सांग.’’

हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता. ‘गुण वाढतील का’ एवढंच सगळे विचारतात. वाढून काय मिळणार, ते राहून जातं. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘आई, मला भीती वेगळीच वाटते. एप्रिलमध्ये कमी आले, तर जानेवारीचे नशिबाने मिळाले असं सगळे म्हणतील. मलाही तसंच वाटेल.’’

चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांची ही गोची आई-वडिलांच्या सहसा लक्षात येत नाही. नापास झालेल्याकडे गमावण्यासारखं काही नसतं. २०२४ च्या नीट परीक्षेत १,५६३ विद्यार्थ्यांना दिलेले वाढीव गुण रद्द झाले आणि त्यांच्यापुढे दोन पर्याय आले: मूळ गुण स्वीकारा, नाहीतर पुन्हा परीक्षा द्या. २३ जूनच्या त्या फेरपरीक्षेला ८१३ जण बसले, ७५० आलेच नाहीत. त्यांची अडचण वेगळी होती, पण जवळजवळ निम्म्यांनी पुन्हा त्या खोलीत न जाणं पसंत केलं, ते उगाच नाही.

शेवटी तडजोड झाली. २४ फेब्रुवारीला अर्ज भरला, पण ८ मार्चपर्यंत घरात जेईईचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. वडिलांनी हे मोठ्या कष्टाने पाळलं. एकदा क्लासमधून सराव परीक्षेचा फोन आला, तर बाल्कनीत जाऊन हळू आवाजात बोलले.

गणिताचा पेपर झाल्यावर मुलीने स्वतःच एक युक्ती केली. तीन रविवारी तिने जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या. तीन तास, ७५ प्रश्न, चुकीला एक गुण वजा. तिन्ही वेळा गुण जानेवारीच्या चार-पाच वर किंवा खाली. जानेवारीचा दिवस नशिबाचा नव्हता आणि वाईटही नव्हता. तो तिचा खरा दिवस होता. त्याच इमारतीतला एक मुलगा जानेवारीत तापाने फणफणत पेपर देऊन आला होता. त्याने एप्रिल सोडला असता, तर तो वेडेपणा ठरला असता. हिची गोष्ट तशी नव्हती.

२९ मार्चला कॉम्प्युटर सायन्सचा बोर्डाचा पेपर संपला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘बाबा, मी ४ तारखेला जात नाही. सीईटी १६ आणि १७ ला आहे. तिथे ८० मिनिटांत ६० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही. सगळा खेळ वेगाचा, आणि तो सराव मी केलेलाच नाही.’’

‘‘प्रवेशपत्र आलं की. मी रजाही टाकली आहे,’’ वडील म्हणाले.

‘‘मग घरीच राहा. तुम्ही घड्याळ लावा.’’

वडील काही बोलले नाहीत. ते पटले की दुखावले, हे आईलाही कळलं नाही. पण ४ एप्रिलला त्यांनी खरोखरच रजा घेतली, जेवणाच्या टेबलावर मोबाइलमध्ये ८० मिनिटं लावली आणि धाकट्याला टीव्ही बंद करायला सांगितलं.

१९ एप्रिलला एप्रिल सत्राचा निकाल आला. तापातून उठलेल्या शेजारच्या मुलाचे पर्सेंटाइल बरेच वाढले होते. आईने पेढे आणले, ते त्याच्यासाठी. मुलीनेच नेऊन दिले.