बॉनेटखालचे पाठभेद

खंडेनवमीला आपल्याकडे गाड्या धुतल्या जातात, पुसल्या जातात, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातात. पूजा शस्त्रांची आणि अवजारांची. त्या न्यायाने पाहिले तर गाडीतले खरे अवजार म्हणजे इंजिन. पण कुंकवाचे स्वस्तिक निघते ते बॉनेटवर, बॉनेटखाली नव्हे. वर्षानुवर्षे गाडी वापरणारी सुशिक्षित माणसेही त्या पत्र्याखाली फारसे डोकावत नाहीत. तिथली धूळ आणि तिथले तेलाचे थर ही मेकॅनिकची बाब, असे आपण धरून चालतो.

वडिलांनी १९८९ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी विकायचे ठरले, तेव्हा हा प्रदेश प्रथमच माझ्या वाट्याला आला. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन असलेली ही गाडी आमच्या घरात कधी ‘पद्मिनी’ नव्हतीच. ती अखेरपर्यंत ‘फियाट’ राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळीपिवळी भावंडे ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्यानंतर अशा गाड्यांविषयी हौशी मंडळींचे कुतूहल वाढले असावे. आमच्याकडेही विचारणा होऊ लागली. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, “इंजिन डिझेलने धुऊन घ्या, वरून पॉलिश मारा. बॉनेट उघडल्याबरोबर गिऱ्हाईक खूश झाले पाहिजे.”

सल्ला व्यवहारी होता, पण त्यात दोन अडचणी होत्या. पहिली तांत्रिक. डिझेलचा फवारा मळ काढतो हे खरे. परंतु रबरी नळ्या आणि पट्टे त्याने फुगतात, मऊ पडतात, आणि कोपऱ्यात साचून राहिलेले डिझेल तापलेल्या लोखंडाजवळ असणे बरे नव्हे. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. बॉनेट उघडून दिव्याच्या उजेडात पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा मळ केवळ मळ नव्हे. तो मजकूर आहे.

इंजिनावरचा मळ सर्वत्र सारखा नसतो. टॅपेट कव्हरच्या कडेने उतरलेला ओघळ काळा, पण ओलसर होता. म्हणजे खालचे गॅस्केट आजही झिरपते आहे. त्याच्या खालच्या बाजूला तेल आणि धूळ यांची कोरडी, टणक खपली होती. ती जुन्या, कधीतरी दुरुस्त झालेल्या गळतीची खूण. रेडिएटरच्या नळीच्या सांध्याशी हिरवट-पांढरी सुकलेली रेघ होती, म्हणजे तिथून कूलंट पाझरून गेले होते. बॅटरीच्या टर्मिनलवर निळसर-पांढरी भुकटी फुलली होती. काचेखालच्या खोबणीत गुलमोहराच्या इवल्या पानांचा लगदा साचला होता आणि एका वायरवर उंदराचे दात उमटले होते. वडिलांनी उंदरांसाठी ठेवलेली तंबाखूची पुडी कोपऱ्यात तशीच होती.

तेलाच्या गळतीचा एक नियम मेकॅनिक मंडळी सांगतात. डाग जिथे दिसतो तिथे गळतीचे मूळ क्वचितच असते. तेल खाली उतरते आणि पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून मूळ शोधायचे तर नजर डागापासून वर आणि पुढे न्यावी लागते. पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्या कोणालाही ही वाट ओळखीची वाटेल. हाती आलेल्या पोथीतला विकृत पाठ हा शेवटचा डाग असतो. त्यावरून मागे, लेखकूच्या लेखकूकडे जावे लागते.

साफसफाई आणि ग्रंथसंशोधन यांचे नाते मराठीला नवे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरात आणि नकला करताना शिरलेला गाळ काढून त्यांनी ग्रंथ वाचकांच्या हाती दिला, हे त्यांचे ऋण थोर आहे. तरीही त्यांनी नेमके काय काढले, काय बदलले याची नोंद आपल्यापाशी नाही. म्हणूनच एकनाथपूर्व पोथीचा शोध हा पुढे संशोधकांचा ध्यास झाला, आणि आपल्याला मिळालेली पोथी तशी आहे या विश्वासाने राजवाड्यांनी १९०९ साली ती छापली. शुद्ध प्रत मिळाल्यावर अशुद्ध प्रतींची ओढ लागावी, ही वरवर विचित्र दिसणारी गोष्ट. पण धुतल्या गेलेल्या गोष्टीत काय होते, हा प्रश्न धुणाऱ्याच्या थोरवीने मिटत नाही.

दुसरी रीत पुण्यातच भांडारकर संस्थेत घडली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक यांनीही प्रक्षेप बाजूला काढले; पण टाकून दिले नाहीत. वर सिद्ध केलेली संहिता आणि तळाशी पाठभेद, अशी पानाची मांडणी ठेवली. आणि जो पाठ निवडला परंतु ज्याविषयी पुरती खात्री नाही, त्याच्याखाली त्यांनी एक नागमोडी रेघ दिली. वर्गात ही आवृत्ती दाखवताना मला त्या रेघेचे अप्रूप वाटत आले आहे. विद्वत्तेने स्वतःच्या शंकेसाठी ठेवलेली ती जागा आहे.

मी दुसरी रीत पत्करली. आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली, ओल्या जागा कागदावर टिपल्या. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. बॅटरीची आधी ऋण आणि मग धन वायर सोडवली. हा क्रम उलटला तर पाना गाडीच्या पत्र्याला टेकून ठिणगी उडण्याची भीती. टर्मिनल कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी धुतले. डिस्ट्रिब्यूटर, कॉईल आणि कार्बोरेटर प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधले, कारण डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत पाणी शिरले की ठिणगी भलतीकडे जाते आणि गाडी अडखळते. पाण्याचा जोराचा फवारा टाळला. साबणाचे पाणी, जुना दात घासायचा ब्रश, चिंध्या, आणि खपली निघेना तिथे चिंधीवर थोडे घासलेट. दोन रविवार गेले.

दुसऱ्या रविवारी बॉनेटच्या आतल्या पत्र्याकडे वळलो. तिथे काजळीखाली वडिलांचे अक्षर होते. तैलरंगात बारीक कुंचला बुडवून त्यांनी प्रत्येक वेळी ऑइल बदलल्याची तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर लिहिले होते. ते हिशेबनीस होते. आकडे एकाखाली एक, एककाखाली एकक. घासलेटाची चिंधी एकदा फिरली असती तर रंग सुटला असता. मी कोरड्या कुंचल्याने फक्त काजळी झटकली आणि वहीत नक्कल करू लागलो.

नकलून घेताना माणूस सावकाश वाचतो. पहिल्या पंधरा-सोळा वर्षांच्या नोंदी घड्याळासारख्या नियमित होत्या. मग अंतरे वाढली. एककाखालचे एकक सरकले. एका ठिकाणी एकच नोंद दोनदा होती. लेखकू जसा ओळ चुकून पुन्हा तीच ओळ उतरवतो तशी. शेवटच्या तीन नोंदींत किलोमीटर होते, तारखा नव्हत्या. वडिलांच्या विस्मरणाचे निदान डॉक्टरांनी केले ते त्यानंतर बऱ्याच काळाने. घरात ते ज्या दिवशी सुरू झाले असे आम्ही धरत होतो, त्याच्या कितीतरी आधी ते या पत्र्यावर सुरू झाले होते. आणि तरीही ऑइल बदलणे त्यांनी सोडले नव्हते. तारीख विसरली होती, कर्तव्य नव्हे. त्यांच्या शेवटच्या वर्षांविषयी माझ्या मनात असलेले चित्र त्या तीन बिनतारखी ओळींनी बदलले.

साफ झालेले इंजिन नवे दिसत नव्हते. ते स्पष्ट दिसत होते. झिजलेले झिजलेले दिसत होते. पॉलिश मारले नाही. टॅपेट कव्हरची कड आणि रेडिएटरच्या नळीचा सांधा, या दोन जागांशी खडूने एकेक नागमोडी रेघ ओढली.

गाडी घ्यायला आलेला तरुण जुन्या गाड्या दुरुस्त करून बाळगणारा होता. रेघा कसल्या, असे त्याने विचारले; मी सांगितले. त्याने दोन्ही ठिकाणी बोट फिरवून पाहिले आणि त्या हिशेबाने किंमत कमी केली. ते योग्यच होते. पत्र्यावरच्या आकड्यांपाशी तो जरा थांबला, पण काही बोलला नाही. पुढे तो गाडीला रंग देईल, तेव्हा बॉनेटची आतली बाजूही कदाचित रंगवली जाईल. तो त्याचा अधिकार आहे. नक्कल माझ्यापाशी आहे. दोनदा आलेली ती नोंद मी दोनदाच उतरवली आहे, आणि शेवटच्या तीन तारखांच्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत.