भाचीच्या कम्युनियनला मी गेलो नाही

वसईत आम्हा कॅथलिकांकडे मुलांचं पहिलं कम्युनियन म्हणजे घरचं कार्य. अंगणात मांडव पडतो, पाहुण्यारावळ्यांची जेवणं उठतात. २०१४ च्या डिसेंबरात माझ्या भाचीचं कम्युनियन होतं. ती आठ वर्षांची. आदल्या रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तू येणार ना? ती सारखी विचारतेय." मी म्हणालो, "मांडवात येईन. मिस्साला बसणार नाही." ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मिस्साला नसशील तर मांडवातही येऊ नकोस." मी गेलो नाही, आणि त्या रात्री मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

तेव्हा मी परंपरावादी होतो. जुनी भक्ती आवडणं वेगळं; ती मला आजही आवडते. आमचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिकतावादाला चर्चमध्ये वाट करून दिली आणि १९६९ साली पोप पॉल सहावे यांनी दिलेला नवा मिस्साविधी हे त्याचंच फळ, असं आम्ही मानायचो. मराठी मिस्सा, लोकांकडे तोंड करून उभे राहणारे फादर, हे सगळं माझ्या लेखी पडझडीची लक्षणं होती. माझ्या खोलीत पोप पायस दहावे यांची तसबीर होती. १९०७ साली 'पाशेंदी' हे परिपत्रक काढून आधुनिकतावादाला पाखंड ठरवणारे, १९१० पासून धर्मगुरूंना त्याविरुद्ध शपथ घ्यायला लावणारे पोप ते हेच. परंपरावाद्यांचे नेते आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९८८ साली रोमची परवानगी नसताना चार बिशपांना दीक्षा दिली, ते धैर्य मला याच पायस पोपांवरच्या निष्ठेतून आलेलं वाटायचं.

मुंबईतल्या आमच्या छोट्या गटाच्या लॅटिन मिस्साला मी पहाटेची लोकल धरून जायचो. हातात जुनं मिस्सापुस्तक असायचं. तांबड्या रेशमी फितीची खूण, कडा काळ्या पडलेल्या. डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर इंग्रजी. मला लॅटिन येत नव्हतं, म्हणून माझं बोट उजव्या पानावरून चालायचं. म्हणजे मराठी मिस्साला नकार देऊन मी इंग्रजीत प्रार्थना करत होतो. माझ्या आईची भाषा त्या पुस्तकात कुठेच नव्हती, आणि इतक्या वर्षांत ते माझ्या लक्षातही आलं नाही.

माझं मन एका दिवसात पालटलं नाही. सुरुवात 'पाशेंदी' पहिल्यांदा अखेरपर्यंत वाचलं तेव्हा झाली. तोवर मी त्यातले वेचे वाचून वाद घालत आलो होतो. आधुनिकतावाद्यांवरचा त्यातला मुख्य आक्षेप असा की ते माणसाच्या अंतरीच्या धर्मानुभवाला कसोटी करतात. श्रद्धासिद्धांत म्हणजे त्या अनुभवाचं काळाप्रमाणे बदलणारं रूप, असं मानतात. ते वाचून मी पुस्तक मिटलं. जुना मिस्साच खरा, असं मी कशावरून म्हणत होतो? धूप, ग्रेगरियन गायन, ती शांतता. त्यात मला पावित्र्य जाणवतं म्हणून. माझी कसोटीही माझा अनुभवच होता.

दुसरा धक्का १९१० च्या एका आज्ञापत्राने दिला. त्याआधी कित्येक देशांत मुलांना कम्युनियन दहा-बारा वर्षांपर्यंत, काही ठिकाणी चौदापर्यंत मिळत नसे. मूल साधारण सात वर्षांचं झालं, त्याला समज आली की द्यावं, असं त्या आज्ञापत्राने ठरवलं. ते काढणारे पोप होते पायस दहावे. प्रघात मोडतोय म्हणून त्या काळीही कुरकुर झाली होती. माझी भाची आठव्या वर्षी वेदीपाशी उभी राहू शकली ती त्या पोपांमुळे, आणि त्यांचीच तसबीर लावून मी घरी बसून राहिलो होतो.

तिसरा धक्का माहीमच्या इतिहासाने दिला. गेल्या शतकाआधीच्या शतकात मुंबईचे कॅथलिक दोन तटांत विभागले होते. एकीकडे पोर्तुगालच्या राजाचा पाद्रुआदो, म्हणजे इथल्या चर्चवरचा त्याचा हक्क, दुसरीकडे रोमची थेट सत्ता. १८३८ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी पाद्रुआदोचे अधिकार छाटले. गोव्याचे धर्मगुरू ऐकेनात. पूर्वीच्या पोपांनी राजाला दिलेला हक्क नंतरचा पोप काढून घेऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. १८५३ मध्ये रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये आपल्या लोकांसह कोंडून घेऊन बसले, इतकं ते पेटलं. १८८६ च्या करारानंतरही मुंबईतली दुहेरी सत्ता १९२८ पर्यंत राहिली. हा इतिहास वाचताना मी न अडखळता रोमच्या बाजूने होतो. आणि मी स्वतः काय म्हणत आलो होतो? पोप पायस पाचवे यांनी १५७० साली मिस्साविधी कायमचा ठरवून दिला, तो पॉल सहावे यांना बदलता येत नाही. पाद्रुआदोवाल्यांचा युक्तिवाद तोच होता. ते श्रद्धाहीन नव्हते. आमच्यासारखेच जपमाळ ओढणारे होते.

कोणता पोप मानायचा हे मी निवडत होतो, आणि तो अधिकार मला कुणीही दिलेला नव्हता. हे स्वतःशी कबूल करायला मला फार जड गेलं, कारण त्या गटात मला जिवाभावाची माणसं मिळाली होती. त्यांतले काही आता बोलत नाहीत.

पोपचा प्रत्येक शब्द देववाणी, असंही मी मानू लागलेलो नाही. १८७० च्या सिद्धांताने पोपच्या अचूकपणाला काटेकोर मर्यादा घातल्या आहेत. त्यानंतर तो अधिकार उघडपणे वापरला गेला तो एकदाच, १९५० साली, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या घोषणेत. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जुन्या मिस्सावर जे निर्बंध आणले ते मला कठोर वाटले, आजही वाटतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिन जपायला सांगितलं होतं. आपण ते अडगळीत टाकलं, याचंही वाईट वाटतं. पण दुखावलेलं मूल घरातच राहून भांडतं. लफेव्र यांनी १९८८ च्या ५ मेला रोमशी समझोत्यावर सही केली होती आणि दुसऱ्याच दिवशी ती मागे घेतली. पूर्वी मी त्या माघारीचं कौतुक करायचो. आता ती एक रात्र आठवली की पोटात तुटतं.

गेली काही वर्षं मी आमच्याच चर्चमध्ये मराठी मिस्साला जातो. बहिणीच्या दोन बाक मागे बसतो. शांतीचं चिन्ह द्यायच्या वेळी ती मागे वळून मान लववते, भाची हात जोडते. त्या डिसेंबरबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. हा मजकूर छापायला देण्याआधी मी बहिणीकडे पाठवतो आहे.