ताण आणि बहार

विस्टेरियाला फुलायला थंडी लागते. पानं झडलेल्या फांद्यांनी कडक हिवाळा अंगावर काढला, की मग वसंतात तिचे जांभळे घोस सुटतात. शिमला-मसुरीकडच्या जुन्या बंगल्यांवर एप्रिलमध्ये ती अशी लोंबते की खालून जाणाऱ्याने मान वर करून थांबावंच. चिंचपाड्याला तो हिवाळा येत नाही. पौषातल्या पहाटे शेकोट्या पेटतात खऱ्या, पण ऊन वर आलं की घोंगडी बाजूला पडते, आणि होळीनंतर तर नवापूर तालुक्यातली ही सगळी पट्टी भाजून निघते. इथे विस्टेरियाचं कलम लावलं तर वेल पसरेलही कदाचित, पण फुलाची आशा धरू नये. सातपुड्यात वर तोरणमाळला गारवा आहे, तिथे कुणी प्रयोग करून पाहावा.

तरीही चिंचपाड्यात बसून विस्टेरियाच्या बोन्सायविषयी लिहावंसं वाटतं. कारण ती वेल कुंडीत फुलवण्याची जी विद्या आहे, ती या गावच्या शिवाराला मुळीच परकी नाही.

विस्टेरियाच्या बोन्सायमधली खरी अडचण फुलाच्या मापाची आहे. कुंडी लहान केली, मुळं आखडली, की पान थोडं लहान होतं. फूल मात्र होत नाही. जपानी जातीचा घोस हातभर लांब असतो आणि वामनवृक्षावरही तो जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून विस्टेरियाचं बोन्साय वीतभर करून चालत नाही. बुंधा जाड हवा, थोडा कललेला हवा, माथा उंचावर हवा आणि फांद्या एकमेकींपासून इतक्या मोकळ्या हव्यात की प्रत्येक घोसाला खाली लोंबायला स्वतःची जागा मिळेल. बियांपासूनचं रोप फुलायला दहा-पंधरा वर्षंही घेतं, त्यामुळे जाणकार फुललेल्या वेलीचं कलमच घेतात. उन्हाळ्यात तिची तहान जबर, कुंडी पाण्याच्या थाळ्यात ठेवण्याइतकी. नत्राचं खत मात्र जपून द्यायचं. ते जास्त झालं की नुसता पाला माजतो.

छाटणी वर्षातून दोनदा. फुलं सरल्यावर वेल लांबच लांब धुमारे सोडते. ते भर उन्हाळ्यात पाच-सहा पानांवर आणायचे. मग हिवाळ्यात, पानं गळाल्यावर, त्याच काड्या दोन-तीन डोळ्यांवर छाटायच्या. पहिल्या छाटणीनंतर वेलीची ताकद काडीच्या बुडाशी थांबते आणि तिथे पुढच्या वर्षीचे फुलडोळे बांधले जातात. फुलडोळा फुगीर, पानडोळा सडसडीत आणि टोकदार. हिवाळी कात्री चालवताना हे बोटांनी चाचपून पाहता येतं.

आता तुरीच्या शेताकडे वळू. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तूर व विस्टेरिया एकाच कुळातल्या, दोघीही शेंगवर्गीय. तुरीचं पिवळं फूल तळहातावर घेऊन पाहा: वर उभी पताका, दोन बाजूंना दोन पंख, मध्ये होडीसारख्या जुळलेल्या दोन पाकळ्या. विस्टेरियाच्या घोसातलं एकेक फूल हुबेहूब याच घडणीचं, रंग तेवढा जांभळा. पेरणीला दीड-दोन महिने झाले की श्रावणाच्या सुमाराला तुरीचे शेंडे खुडतात. बाया ओळीने चालतात, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कोवळा शेंडा धरतात, टच्‌ करून मोडतात आणि पुढे होतात. नखांच्या कडा हिरव्या होतात. शेंडा असेतो तो वरून रस पाठवून खालच्या डोळ्यांना निजवून ठेवतो. तो गेला की पानांच्या बेचक्यांतले डोळे जागे होतात, एका शेंड्याच्या जागी चार फुटवे येतात आणि प्रत्येक फुटव्याला फूल. बोन्सायच्या पहिल्या धड्यात शिकवतात ते हेच.

नाशिककडचा द्राक्षबागाईतदार तर विस्टेरियाच्या दोन्ही छाटण्या जन्मभर करतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. खरड छाटणीनंतरच्या उन्हात काडीच्या डोळ्यात घड आकार घेतो, कुणाला न दिसता. ऑक्टोबरात छाटलं की तोच बाहेर पडतो. डाळिंब-संत्र्यांची माणसं ‘बहार धरणं’ म्हणतात. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार. त्याआधी बागेचं पाणी तोडून झाडाला ‘ताण’ देतात. झाड पाला गाळतं, थबकतं आणि पाणी मिळताच फुलांनी उसळतं. विस्टेरियाचं काम थंडी करते, आपल्याकडे तहान करते. ज्या मुलखाला थंडी नाही त्याने ताणाने फुलणारं झाड निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून चिंचपाड्यासाठी बोगनवेल. करंज विस्टेरियाचा भाऊबंद आहे, चैत्र-वैशाखात त्याचा फिकट जांभळा सडा पडतो, पण पान मोठं. लहान कुंडीत ते कधीच शोभत नाही. चिंचेइतकं देखणं बोन्साय दुसरं नाही, नाजूक पाला, खरबरीत साल, पण तिच्या लाल शिरांच्या पिवळ्या फुलांसाठी जवळ जाऊन वाकावं लागतं. पळसवेल जंगलात पाहावी, तीच तिची जागा. बोगनवेल मूळची ब्राझीलची. आता तिला परकी कोण म्हणेल? शाळेच्या, दवाखान्याच्या, स्टेशनच्या कुंपणावर ती असतेच. वीस-पंचवीस वर्षांच्या कुंपणातली वेल उपटली की मांडीएवढा पिळदार बुंधा निघतो, आणि बोन्सायमध्ये खरं मोल बुंध्याचंच.

असा बुंधा रोहिणी-मृगाच्या सुमाराला काढावा, हवा दमट होऊ लागलेली असते. फांद्या बुडखे ठेवून उतरवायच्या. मुळं ठिसूळ असतात, माती झटकत बसू नये. मोठ्या कापांना बोर्डो मलम लावावं, कारण हिचं मेलेलं लाकूड झपाट्याने कुजतं. वाळू आणि पालापाचोळ्याच्या भुसभुशीत मातीत लावून पहिला पावसाळा सावलीत ठेवावा, अजिबात न हलवता. जपानच्या आशिकागा उद्यानातली शंभरीपार विस्टेरिया १९९६ साली कोनामी त्सुकामोतो या वृक्षवैद्य बाईंनी वीसेक किलोमीटरवरून हलवून तिथे रुजवली, आणि आज तिच्याखाली उभं राहायला जगभरातून माणसं येतात. म्हातारं खोड नव्या जागी रुजतं. त्याला फक्त उसंत द्यावी लागते.

दुसऱ्या वर्षापासून आकार. पावसाळ्यात बोगनवेल काटेरी चाबूक सोडते, त्यातले हवे ते हिरवे असतानाच तारेने वळवावे. लाकूड पिकलं की ती वाकत नाही, मोडते. विस्टेरियाची झुलती ठेवण हवी असेल तर फांद्या माथ्यावरून बाहेर काढून खाली उतरवाव्यात, मधली दाटी निर्दयपणे काढावी. भाद्रपद सरता सरता सगळे धुमारे दोन-तीन डोळ्यांवर छाटावेत. नवे फुटवे बोटभर झाले की पाणी कमी करायचं. दुपारी पानं माना टाकतील. संध्याकाळी ओंजळभर पाणी, जास्त नाही. उथळ कुंडी लवकर सुकते, म्हणून या दिवसांत रोज दोनदा तिच्याकडे पाहावं. आणि क्रम चुकवू नये, छाटणी आधी, ताण नंतर. विस्टेरिया जुन्या काडीच्या बुडावर फुलते, बोगनवेल नव्या फुटव्याच्या टोकाला. ताणानंतर कात्री लावली तर फूलच कापलं जातं.

मग दिवाळीच्या पुढेमागे टोकांवर रंग चढतो. तीन रंगीत पानं आणि त्यांच्या ओंजळीत तीन बारीक पांढरी फुलं. रंग पानांचा, खरं फूल ते पांढरं. वेल जेव्हा एकही हिरवं पान न दाखवता पेटते, तेव्हा मला विस्टेरियाची उणीव भासत नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीत प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने पुण्यात बोन्सायचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. अशी प्रदर्शनं पाहून पुष्कळांना वाटतं, ही शहरातल्या सवड असलेल्या माणसांची कला. मला तसं वाटत नाही. ज्या बाईने शंभर ओळींतले तुरीचे शेंडे खुडले आहेत, तिच्या बोटांना कुठे मोडायचं ते वर्गात बसणाऱ्यापेक्षा आधी कळतं. तिच्या हातात एक उथळ कुंडी आणि एक जुना बुंधा द्यायचा राहिला आहे, एवढंच. तेव्हा या पावसाळ्याआधी रस्ता रुंदीकरणात किंवा घराच्या दुरुस्तीत बोगनवेलीचं कुंपण निघणार असेल, तर बुंधे सरपणात जाऊ देऊ नका. एक स्वतःसाठी ठेवा आणि एक शेजारच्या तूरवाल्या घरी नेऊन द्या.