आधी गादी उचलावी

मुंबईत काळाचौकीतल्या चाळीत सकाळी नातवाच्या हातावर गांधी दिसल्या की आजी हात बघत बसत नाही, आधी गादी उचलते. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. नुसत्या चाव्यावरून किडा ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं. ओळीनं तीन-चार चावे म्हणजे ढेकूण, असं सर्रास म्हणतात. पण एकाच गादीवर झोपलेल्या दोघांपैकी एकाच्या अंगावर कधी कधी काहीच उठत नाही. मग पुरावा घरातच शोधायचा: गादीच्या शिवणीत काळे ठिपके, चादरीवर रक्ताचा बारीक डाग, कॉटच्या सांध्यात फिकट सालं. चावे घोट्याभोवतीच असतील आणि मांजर-उंदरांची ये-जा असेल, तर पिसवांचा संशय घ्यावा. पावसाळ्यात मानेवर भाजल्यासारखा पट्टा उठला, तर तो बहुधा चावा नसतोच. दिव्यावर आलेला नारिंगी-काळा किडा अंगावर चिरडला गेला की त्याचा रस कातडी जाळतो. असा किडा फुंकून उडवावा, आणि रस लागलाच तर जागा लगेच साबणानं धुवावी.

पिसवांची गोष्ट इथून जवळच, परळला, उलगडली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. 1899 पासून हाफकिन यांची प्लेग-संशोधनाची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात होती. पुढे संशोधक लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनिपिग सोडले, तर त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. उंदरांच्या पिसवांवाटे रोग घरात कसा फिरतो, ते अशानं कळत गेलं.

पिसवांसारखा ढेकूण रोग पसरवत असल्याचा मात्र पुरावा नाही. तो झोप खातो, आणि रातपाळी करून आलेल्या माणसाची झोप ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. गिरणगावातल्या गाळ्यांत पाळीपाळीनं माणसं झोपत; एकानं वळकटी सोडली की दुसरा आडवा होई. ढेकणाला चोवीस तास माणूस मिळे. नाही मिळाला तरी तो महिनोन्महिने उपाशी तग धरतो, त्यामुळे खोलीला कुलूप लावून गावी गेल्यानं काही साधत नाही.

एका खोलीत औषध मारलं की ढेकूण भिंतीच्या फटीतून, वायरीच्या भोकातून शेजारी जातो. तरीही शेजारी विचारलं तर ‘आमच्याकडे नाहीत हो’ असंच उत्तर मिळतं. या लाजेचा मला मनापासून राग येतो. लख्ख घरातही तो पाहुण्याच्या बॅगेतून, जुन्या फर्निचरातून येतो. कोणी उघड सांगितलं, तर सगळा मजला एकाच दिवशी औषध मारून घेऊ शकतो, चादरी कडकडीत पाण्यात भिजवू शकतो.

कातडीसाठी फार काही लागत नाही. साबण-पाणी, थंड पाण्याची घडी, कॅलामाइन, आणि लहान मुलांची नखं कापलेली. चुना नको, टूथपेस्ट नको. ढेकणाचं औषध अंगाला तर मुळीच नको. खाजेनं झोप लागत नसेल तर गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. लाली पसरली, पू झाला, ताप आला तर दवाखाना गाठावा. ओठ सुजले किंवा दम लागला तर तडक केईएम रुग्णालय.

पुनर्विकासासाठी खोल्या रिकाम्या होताना जुनी लाकडी कॉट टेम्पोत चढवण्याआधी तिचे सांधे सुटे करून बघावेत, आणि शेजाऱ्यांनाही हाक मारून बघायला लावावं.