बोंबलाचा जबडा आणि तुमचा कान

मुलांनो, मुंबईचा नकाशा उघडा आणि बोट खाली खाली न्या. चर्चगेट, मग नरिमन पॉइंट आणि त्याच्याही खाली कफ परेड. पूर्वी इथे बसने नाहीतर टॅक्सीने यावं लागे, 2025 पासून भुयारी मेट्रोही येते. मान दुखेल एवढ्या उंच इमारती, वर्ल्ड ट्रेड सेंटर, चकाचक गाड्या... आणि या सगळ्यांच्या पायाशी, बॅकबेच्या पाण्याला लागून कोळ्यांची वस्ती आहे. तिचं नाव मच्छीमार नगर.

इथे शक्यतो सकाळीच यावं. जून आणि जुलैमध्ये मासेमारीला बंदी असते, तेव्हा होड्या काठावर विसावलेल्या दिसतील. एरवी मात्र नुसती गडबड! रंगीत होड्या, त्यांवरची निशाणं, जाळी दुरुस्त करणारे आजोबा, पाट्या घेऊन लगबगीने निघालेल्या मावश्या. नाकाला रुमाल लावू नका हं, समोरच्या माणसाला वाईट वाटतं. आणि घरी मासे खात नसाल तरी या, बघायला काही पैसे पडत नाहीत.

आज मला तुम्हांला एकच वस्तू दाखवायची आहे : बोंबलाचं तोंड.

बोंबील अंगाने किती लिबलिबीत! हातात धरला तर निसटतोच. पण तो वाळत घालायला कोळी लोक ना सुतळी वापरतात ना आकडा. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एक इकडे, एक तिकडे! वर्सोवा, मढ, अर्नाळा इथल्या किनाऱ्यांवर बांबूच्या उंच सांगाड्यांवर असे हजारो बोंबील लटकलेले दिसतात. वाऱ्याने हलतात, पण सुटत नाहीत.

‘‘मावशी, जरा तोंड उघडून दाखवता का?’’ असं नीट विचारलंत तर कुणीही दाखवील. ‘‘हात सांभाळ गो, दात लागतील!’’ असंही वर सांगेल. सुईसारखे बारीक दात, तेही आतल्या बाजूला वळलेले. आत गेलेली कोळंबी परत बाहेर यायची सोयच नाही. आता तोंडाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात बघा. तिथे खालचा जबडा डोक्याला जोडलेला आहे. तोच त्याचा जबड्याचा सांधा. बोंबील चावत बसत नाही. पकडतो आणि गिळतो. त्याला तेवढं पुरतं.

आपल्याला पुरत नाही. आपल्याला भाकरी चावायची असते, चिक्की फोडायची असते, शिवाय बोलायचंही असतं. म्हणून आपला सांधा वेगळा आहे. तो बघायला यंत्र नको. दोन्ही हातांची तर्जनी कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे गालावर टेकवा. आता तोंड थोडंसंच उघडा. बोटाखाली काहीतरी जागच्या जागी फिरलं ना? दाराच्या बिजागरीसारखं? आता मोठा ‘आ’ करा. ते ‘काहीतरी’ पुढे सरकलं आणि बोटाखाली खळगा पडला!

खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं एकच हाड. त्याची दोन्ही टोकं कानांकडे वर जातात आणि प्रत्येक टोकाला एक गोलसर माथा असतो. कानशिलाच्या हाडात एक खोबण असते, तिच्यात हा माथा बसतो. दोन हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये एक चिवट चकती असते, मधे पातळ आणि कडेला जाड. तोंड थोडं उघडलं की माथा चकतीखाली नुसता फिरतो. जास्त उघडलं की चकतीला टोपीसारखी डोक्यावर घेऊन पुढच्या उतारावरून घसरतो. फिरणं आणि घसरणं, दोन्ही एकाच सांध्यात! गुडघा-कोपराकडे असं बघा, मग याची करामत कळेल.

आणखी एक गंमत. डावा सांधा हलवा आणि उजव्याला गप्प बसवा. नाही जमत ना? हाड एकच, त्यामुळे दोघे एका जुवाला जुंपलेले बैल. घास एका बाजूला चावताना एकाचं पाऊल लांब पडतं, दुसऱ्याचं आखूड, एवढंच.

काहींच्या तोंडातून जांभई देताना ‘कट्’ असा आवाज येतो. बहुतेक वेळा चकती जागेवरून जराशी सरकलेली असते आणि माथा तिच्याखाली परत शिरताना वाजतो. दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही. क्वचित मात्र फार मोठी जांभई दिली की माथा उतार ओलांडून पलीकडे जातो आणि तोंड उघडंच राहतं! मग डॉक्टर अंगठे मागच्या दाढांवर ठेवून जबडा खाली दाबतात आणि मागे ढकलतात. ग्रीसच्या हिप्पोक्रेटिसच्या नावे असलेल्या, सुमारे 2400 वर्षांपूर्वीच्या ग्रंथांतही जवळजवळ हीच युक्ती आहे. घरी कुणी करून बघू नये.

आता मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घाला. मावली? छान. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं. माझ्या ओळखीच्या घरात एक मुलगा आहे, वय 19. त्याच्या तोंडात एकच बोट मावतं. वडापाव तो कुस्करून खातो. त्याचा सांधा धडधाकट आहे, पण शाळेत असल्यापासून सुपारी आणि गुटखा खाल्ल्याने गालांच्या आतला भाग ताठ, दोरखंडासारखा झाला आहे. बिजागरी चांगली, पण दारच आखडलेलं. तो पूर्वीसारखा मऊ होत नाही आणि पुढे कर्करोगाची भीतीही असते. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी रिकाम्या पुड्या रस्त्यावर दिसतातच. आईबाबांनो, हे तुमच्यासाठीही लिहिलं आहे.

आता पुन्हा बोंबलाकडे. त्याच्या जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा, तोच सांधा बेडकाला, भिंतीवरच्या पालीला आणि कोंबडीलाही आहे. मग आपली ती हाडं गेली कुठे? जर्मन शास्त्रज्ञ रायशर्ट यांनी 1837 मध्ये डुकराच्या गर्भांत त्यांचा माग काढला. ती सापडली कानात! विज्ञानाच्या पुस्तकातली हातोडी आणि ऐरण, तीच ही. सस्तन प्राण्यांना नवा सांधा मिळाला आणि जुन्या सांध्याची हाडं बारीक होत होत ऐकण्याच्या कामाला लागली. वेल्समध्ये सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीच्या, चिचुंद्रीएवढ्या एका प्राण्याचे अवशेष मिळाले आहेत. त्याच्या जबड्यात जुना आणि नवा, दोन्ही सांधे शेजारी शेजारी आहेत!

तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हा तुमच्या खालच्या जबड्यातही कूर्चेची एक कांडी होती. तिचं मागचं टोक पार कानापर्यंत पोचलेलं होतं. त्या टोकाची हातोडी झाली आणि तुम्ही जन्मायच्या आतच ती जबड्यापासून सुटी झाली.