खामकाठचे लोक

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात जालना रोडची वर्दळ क्षणभरही थांबत नाही. या गर्दीतल्या कितीजणांना ठाऊक असेल की, याच शहराच्या पोटातून एक नदी वाहते? जटवाड्याच्या डोंगरात उगम पावणारी खाम शहर ओलांडून गोदावरीला मिळते. वर्षानुवर्षं तिला सगळे नालाच म्हणत आले.

2021च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक ही कंपनी यांनी मिळून नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं. गाळ, राडारोडा, प्लास्टिक उपसलं गेलं, काठावर झाडं लागली. पण खरी कसोटी नदीला मिळणाऱ्या नाल्यांच्या तोंडाशी. तिथल्या जाळीत पिशव्या, चिंध्या, थर्माकोल अडकतं आणि सफाई कामगार ते हातांनी ओढून काढतात. पुरस्कारांच्या बातमीत या हातांचा उल्लेख आधी यायला हवा. 2023-24मध्ये हा उपक्रम डब्ल्यूआरआय रॉस सेंटर या संस्थेच्या शहरांसाठीच्या जागतिक पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोहोचला होता.

काठ नुसता सुशोभित करून भागत नाही. किड्यांना, बेडकांना, खंड्याला गवत लागतं, ओली माती लागते. काँक्रीटच्या भिंतीत ते कुठे राहणार? शिवाय खामचं पाणी पुढे जायकवाडी धरणाकडे जातं, आणि तिथलं नाथसागर जलाशयाचं पक्षी अभयारण्य 1986पासूनचं. शहराने नाल्यात टाकलेली पिशवी तिथवर पोहोचू शकते.