इच्छापोर ते सुराट थानी : हातखर्चाचा हिशोब

आमच्या इच्छापोरला पाहुणे आले की नावावरून एक विनोद ठरलेला. "इच्छा आहे, पोर आहे, आता पैसा कुठाय?" हजिरा रोडवरचं हे गाव. एका बाजूला जीआयडीसी, रात्रंदिवस धावणारे ट्रक, सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बसेस. ओएनजीसीचा पूल ओलांडला की तापीच्या पलीकडे विमानतळ. आमच्या गच्चीवरून उतरणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. माझी नऊ वर्षांची लेक चिऊ ते मोजत बसते.

सुरतहून थेट बँकॉकचं विमान डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालं आणि तिचा प्रश्न आला, "बाबा, हे विमान तर घरासमोरूनच जातं. मग आपण का नाही जात?"

म्हणून मे 2025 च्या सुट्टीत आम्ही पाच जण निघालो. मी, बायको, चिऊ, आई आणि नाना. नाना म्हणजे माझे वडील. प्रकाशाजवळच्या एका खेड्यातून 1986 साली सुरतला आले. आधी उधन्याला कापडाच्या कारखान्यात, मग हजिऱ्याच्या एका कंपनीत फिटर. आता निवृत्त. विमानात कधी बसलेले नाहीत आणि बसायची इच्छाही नव्हती. तिकिटांचा आकडा ऐकल्यावर त्यांनी अहिराणीत एवढंच विचारलं, "पैसा काय झाडले लागतस का?"

तिकिटं आणि हॉटेलं यांचा खर्च आधीच समोर दिसतो. घोळ होतो तो हातखर्चात. हे मी 2024 ला दुबईत शिकलो होतो. एका दुकानात कार्डाच्या मशीनने विचारलं, पैसे दिरहममध्ये घेऊ की रुपयांत? आपले रुपये बरे, म्हणून मी रुपये दाबले. त्या दिवशीच्या दराने जेमतेम 22,700 होणारी रक्कम 24,000 झाली. मशीनने काही फसवणूक केली नव्हती. दर स्क्रीनवर लिहिलेला होता, मी वाचला नव्हता. तेव्हापासूनचा माझा पहिला नियम : परदेशात कार्ड वापरताना नेहमी तिथलंच चलन निवडायचं.

या वेळी मी रीतसर एक्सेल शीट केली. ती इथे देतो. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांच्या घरी हाच विषय चालू असतो.

रोजचा खर्च आधी बाटमध्ये मांडला. पाच जणांचं जेवण-नाश्ता 1,800, गावातला प्रवास 600, प्रवेश तिकिटं सरासरी 800, पाणी-आइस्क्रीम 300. म्हणजे दिवसाला 3,500 आणि सात दिवसांचे 24,500 बाट. तिकिटांची सरासरी धरली कारण ती एका दिवशी एकदम येतात. बँकॉकच्या राजवाड्यालाच माणशी 500 बाट आहेत. पाच जणांचे 2,500 एका सकाळी गेले की बाकीचे दिवस मंदिरं, बाजार आणि बोटीवर काढायचे. चाओ फ्राया नदीवरच्या नारिंगी झेंड्याच्या बोटीचं तिकीट फक्त 16 बाट आहे आणि तिच्यातून दिसणारं शहर महागड्या क्रूझमधून दिसतं तेच.

मग प्रत्येकाचं स्वतःचं पाकीट. माणशी 1,500 बाट, चिऊलासुद्धा. त्याचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही. हे 7,500 झाले. एकूण 32,000. त्यावर अडीअडचणीसाठी 15 टक्के, म्हणजे 4,800. सगळे मिळून 36,800 बाट. आम्हाला 2.65 च्या दराने मिळाले, म्हणजे साधारण 97,500 रुपये.

त्यातले 12,000 बाट रोख घेतले, बाकी 24,800 फॉरेक्स कार्डावर. क्रेडिट कार्ड बॅगेच्या तळाशी, फक्त आणीबाणीसाठी, कारण बहुतेक कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लागतो आणि त्या आकारावर पुन्हा जीएसटी. रोख लागतेच. तिथल्या हातगाड्यांवर क्यूआर कोड दिसतात, पण आपलं यूपीआय त्यांच्यावर चाललं नाही. एटीएममधून काढायचे तर तेव्हा परदेशी कार्डाला दर वेळी 220 बाट कापले जात होते, म्हणजे जवळजवळ 580 रुपये. थोडे-थोडे चार वेळा काढले तर दोन हजारांहून जास्त नुसत्या काढण्यातच गेले. पॅकेज टूर घेतली असती तर त्या वेळच्या नियमाने 5 टक्के टीसीएस आधी भरावा लागला असता. तो विवरणपत्र भरल्यावर मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. हे दर बदलत असतात, निघण्याआधी एकदा बघून घ्यावेत.

शीट मी मोठ्या अभिमानाने नानांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि 15 टक्क्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही चौथी पुडी."

मला कळलं नाही. आईने सांगितलं. पगार झाला की नाना जुन्या वर्तमानपत्राच्या चार पुड्या बांधायचे. एक खोलीभाड्याची, एक खानावळीची (लग्नानंतर किराण्याची), एक गावी मनीऑर्डरची. चौथीत थोडेच पैसे असायचे आणि तिला कुणी हात लावायचा नाही. नवीन चप्पल हवी असली तरी नाही, सण असला तरी नाही.

ती उघडली सप्टेंबर 1994 मध्ये. सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागली. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. मला फक्त गर्दी आणि आईच्या पदराने झाकलेलं तोंड आठवतं. उसनं मागायला शेजारी कुणी उरलेलं नव्हतं. नानांनी चौथी पुडी आईच्या हातात दिली आणि आम्हाला नंदुरबारच्या गाडीत बसवून दिलं. स्वतः मागे राहिले, नोकरी जाईल म्हणून. पंधरा दिवस आम्हाला त्यांची काही खबर नव्हती.

बीई केलेल्या मुलाला जे 15 टक्के इंटरनेटवर वाचून सुचले, ते दहावी नापास बापाला आधीपासून माहीत होते. फरक एकच. त्यांच्याकडे माझ्यासारखं 'स्वतःचं पाकीट' कधी नव्हतं. पाचवी पुडी त्यांनी बांधलीच नाही.

बँकॉकला नाना पहिले तीन दिवस गुणाकार करत फिरले. चहा 40 बाटचा. "शंभरच्या वर झाले रे! शंभर रुपयांचा चहा!" पाण्याची बाटली, रिक्षा, केळी, सगळ्याचं भाषांतर रुपयांत. एकदा तर मी चिडून म्हणालो, "नाना, आता पैसे दिलेत ना, मग चव तरी घ्या." ते गप्प बसले आणि मला दिवसभर वाईट वाटत राहिलं. राजवाड्याच्या आवारातल्या मंदिराच्या भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत. तिथे मात्र ते तासभर रमले. हनुमान त्यांनी चिऊला दाखवला, तिने मोबाइलवर वाचून त्यांना थाई रामायणाचं नाव सांगितलं, रामाकिएन. त्या तासात गुणाकार बंद होता.

आईचं जेवण हा खर्चाच्या शीटमधला सगळ्यात मोठा धोका होता, कारण ती शाकाहारी. तिने थेपले, लोणचं आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. आणखी एक शब्द कामी आला : 'जे'. थाई भाषेत 'जे' म्हटलं की कडक शाकाहारी. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली की आई स्वतः पुढे होऊन "जे? जे?" विचारायची. रोजच्या 1,800 पैकी रोज काही ना काही उरू लागलं.

चौथ्या रात्री आम्ही रेल्वेने दक्षिणेला निघालो. हा भाग मी मुद्दाम ठरवला होता आणि घरात कुणाला नीट सांगितला नव्हता. सकाळी स्टेशनवर उतरलो तर पाटीवर नाव, सुराट थानी. थायलंडचे राजे वजिरावुध यांनी 1915 साली या गावाला हे नाव दिलं. अर्थ, सज्जनांचं शहर. त्याच वर्षी इथल्या नदीलाही नवं नाव मिळालं. आपल्या सुरतेच्या नदीवरून. तापी.

मी नानांना पुलावर नेऊन सांगितलं, "नाना, ही तापी."

त्यांना आधी वाटलं मी चेष्टा करतोय. चिऊने मोबाइलवर नकाशा काढून इंग्रजी अक्षरं वाचून दाखवली. नाना कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले. त्यांचं लहानपण प्रकाशाच्या घाटाजवळ गेलं. उभं आयुष्य सुरतेत. आता घर इच्छापोरला, जिथून पुढे तापी समुद्राला मिळते. एकाच नदीच्या काठाकाठाने चाळीस वर्षं सरकलेला माणूस. आणि इथे पुन्हा तीच, नारळाच्या झाडांतून वाहणारी, तशीच गढूळ.

मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं. माझ्या शीटमधलं, 1,500 चं, अजून घडीही न मोडलेलं. धक्क्यावरच्या होडीवाल्याशी त्यांनी बोटं दाखवून घासाघीस केली. ना त्याला मराठी येत होतं, ना यांना थाई. तासाभराचे 1,200 ठरले. आम्ही पाचही जण त्या लांब होडीत बसलो. नदीतून बारीक कालव्यांत, दोन्ही बाजूंनी पाण्यात उभ्या झावळ्या, लाकडी घरं, अंगणातून हात हलवणारी मुलं. उतरल्यावर उरलेल्या 300 मध्ये त्यांनी पाच शहाळी घेतली, 60 बाटचं एक. रुपयांत किती होतात ते कुणी विचारलं नाही. त्यांनीही नाही.

मी म्हणालो, "नाना, संपलं की पाकीट."

"संपू दे. नदीवरच गेले, बाहेर कुठे गेले?"

परतल्यावर हिशोब केला. रोजच्या खर्चाचे 21,840. पाकिटांचे 6,000 : नाना, चिऊ आणि बायकोचं पूर्ण, आईचे 900, माझे 600. आईचा गुडघा सुजला तेव्हा टॅक्सी आणि औषधाला 1,150, तेवढेच चौथ्या पुडीतून. एकूण 28,990. उरले 7,810 बाट. परकीय चलन उरलं तर परतल्यापासून 180 दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरकडे बदलून घ्यायचं असतं. 2,000 डॉलरइतकं पुढच्या प्रवासासाठी ठेवताही येतं. आम्ही कार्डावरचे परत घेतले, थोड्या नोटा ठेवल्या.

आता कुणी मला विचारलं की परदेशी हातखर्चाला किती पैसे न्यावेत, तर मी आकडा सांगत नाही. देश वेगळा, घर वेगळं. मी एवढंच सांगतो : रोजचा खर्च तिथल्या चलनात मांडा, चौथी पुडी बांधा, आणि घरातल्या ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःवर खर्च केला नाही त्याच्या हातात एक पाकीट द्या, ज्याचा हिशोब तुम्ही विचारणार नाही. पहिले काही दिवस ते उघडणार नाही. चिडू नका. मी चिडलो होतो, तसं करू नका.

नाना आता संध्याकाळी चिऊबरोबर गच्चीवर बसतात. परवा विमानाचा दिवा दिसला तेव्हा ते तिला विचारत होते, "कुठलं गं हे?" आणि कपाटात, आईच्या साड्यांच्या खाली, मला वर्तमानपत्राची एक नवी पुडी सापडली. वर पेन्सिलीने काही लिहिलेलं नव्हतं. मी ती मोजली नाही. जिथे होती तिथे ठेवून दिली.